फाटक्या भोंग्याचा हंगाम

उसाचा हंगाम लागला की कळंब्याच्या रस्त्याला एक हिरवा, ओलसर वास येतो. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, खड्ड्यात आदळल्या की एखादा ऊस घसरून खाली पडतो, आणि शाळेला निघालेली पोरं तो उचलून तिथंच गुडघ्यावर मोडतात. मागून डोक्यावर वाड्याचे भारे घेतलेल्या बायका येतात. वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. कारखान्याला तो नको असतो आणि म्हशींना त्याच्याशिवाय दुसरं काही नको असतं. या दिवसांत दुधालासुद्धा थोडी गोडी येते असं माझी आई म्हणायची. खरं-खोटं ठाऊक नाही, पण हंगामातला चहा मला अजून तसा लागतो.

यंदाही ट्रॉल्या सुरू झाल्या. शाळेतून परत येताना मी स्कूटर बाजूला घेतली, एक बाई भारा घेऊन अगदी जवळून गेली, पात्यांची सळसळ कानाला लागली आणि डोक्यात गिटार वाजायला लागली. गोड गिटार नव्हे. खरखरीत, जाड तारेची, घसा बसलेली. इतकी वर्षं झाली, वाड्याचा वास आला की मला राजश्री आठवते, आणि राजश्री आठवली की तो एक हिवाळा सगळाच्या सगळा पुढ्यात येऊन बसतो.

राजश्री कळंब्याची, आमच्या शहराला लागूनच असलेल्या गावची. घरची शेती थोडी, म्हशी पुष्कळ. नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मंगळवार पेठेत आमच्या घरी तिच्याकडच्या दुधाचा रतीब होता. सकाळी लुनाच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून ती यायची, गल्लीच्या तोंडापासूनच हाळी द्यायची, आणि थोड्या वेळानं तीच मुलगी कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसायची. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. आमच्याकडच्या पोरी 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. पण राजीच्या तोंडी ते जेवढं शोभायचं तेवढं कुणाच्याच नाही. ती चालायची पोरांसारखी, बोलायची तशी, हसायची तर वर्गाबाहेरचे शिपाई आत डोकावून बघायचे.

तिच्याकडे गिटार होती. फौजेतल्या मामानं सुट्टीवर येताना स्वतःसाठी आणलेली आणि कंटाळून भाचीला देऊन टाकलेली. शिवाजी पेठेत एक निवृत्त मास्तर होते, रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. दूध घालून परतताना राजी त्यांच्याकडे अर्धा तास बसायची. वर्षभरात मास्तर म्हणाले, "पोरी, माझ्याकडचं संपलं. आता तुझं तू बघ." मग ती गोठ्यात वाजवायला लागली. धार काढून झाली की बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायची आणि सिनेमातली गाणी एकामागून एक. डाव्या हाताची चार बोटं तारांवरून अशी फिरायची की मला सुगरणीच्या हातातल्या भाकरीची आठवण व्हायची. कुठं दाबलं, कुठं सोडलं, काही कळू नये. मला काहीच वाजवता येत नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गायन पार्टीत भीमगीतं गायचे. त्यांच्या मागं कोरसमध्ये उभं राहून माझा आवाज तेवढा मोकळा झाला होता. राजी वाजवायची, मी गायची, म्हशी रवंथ करायच्या.

दिवाळीच्या तोंडावर हंगाम लागला आणि कळंब्यात दारोदारी वाड्याचे ढीग पडले. ते वाडं बारीक करायला गोठ्यात कुट्टीचं मशीन असतं. एका बाजूनं भारा सारायचा, आत पाती फिरतात, दुसऱ्या बाजूनं चारा पडतो. त्या सकाळी वाडं आत अडकलं. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मशीन बंद केलं. राजी डाव्या हातानं अडकलेलं ओढून काढत होती. अण्णा पलीकडं बटणापाशी, मधे चाऱ्याचा ढीग. भुकेली म्हैस ओरडत होती. राजी तिला म्हणाली, "व्हय, व्हय." अण्णांना वाटलं, चालू करायला आपल्याला म्हणाली.

मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापासून गेली.

मी आणि आई दवाखान्यात गेलो तेव्हा राजी उशीला टेकून बसली होती. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. आईला बघून म्हणाली, "काकी, आज दूध कुणी घातलं?" आई तिथंच रडायला लागली. तेवढ्यात तिच्या भावकीतले कोणी आले आणि दारात उभ्या असलेल्या अण्णांना म्हणाले, "असं कसं वं अण्णा? बघून तरी चालू करायचं!"

अण्णांनी मान खाली घातली. राजी पलंगावरून म्हणाली, "मीच हात घातला. त्येंना काय इचारतायसा?"

हे वाक्य ती पुढं सगळ्यांना सांगत राहिली. आल्यागेल्याला, शेजाऱ्याला, कॉलेजातल्या सरांना. मलाही तिनं तेच सांगितलं होतं. ते 'व्हय, व्हय' मला कसं कळलं ते पुढं येईल.

अण्णा उंचेपुरे, आवाज असा की शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला बोलायचे. ते बोलायचेच थांबले. मशीनवर त्यांनी पोतं टाकलं आणि सुतळीनं बांधलं. मग सगळ्या म्हशींचं वाडं ते हातानं, विळ्यानं कापायला लागले. पहाटे बसायचे, दुपारी बसायचे. गोठ्यात गेलं की ते एका लयीत कचाकच चालू असायचं. राजी समोरून गेली की ते तिच्या चेहऱ्याकडं बघायचे, पायाकडं बघायचे, हाताकडं बघायचे नाहीत. गिटार तिच्या आईनं जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली होती.

माझा भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याचा वॉकमन आणि एक कॅसेट माझ्याकडं विसरून गेला. कॅसेटवर नाव-गाव काही नाही, होस्टेलवर कुणाकडून तरी भरून घेतलेली. परदेशातली गाणी. गाणाऱ्याचा घसा बसलेला, गिटार अशी की सायलेन्सर फुटलेला ट्रॅक्टर चढाला लागलाय. या संगीताला ग्रंज म्हणतात हे मला पुढच्या सुट्टीत भावानं सांगितलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की घरात कुणी नसताना मी तेच ते गाणं पुन्हा पुन्हा लावते. आमच्या घरात गाणं म्हणजे शब्द. दादा म्हणायचे, शब्द पोचला पाहिजे. इथं तर एक शब्द कळत नव्हता, आणि तरी काहीतरी पोचत होतं.

मी वॉकमन घेऊन कळंब्याला गेले. राजी उन्हात बसली होती, हात मांडीवर उशी ठेवून तिच्यावर. मी एक इअरफोन तिच्या कानात घातला, एक माझ्या. गाणं हळू सुरू होतं. एकेक सूर सुटा, पागोळ्यांसारखा. आणि मग एकदम आवाजाची सगळी भिंत अंगावर येते.

भिंत आली तशी ती दचकली. मग डोळे बारीक करून ऐकत राहिली.

"ह्यो गडी रडतोय का भांडतोय?"

"दोन्ही करतोय बहुतेक."

"मग बराबर हाय," ती म्हणाली. "परत लाव."

मी परत लावलं. सेल वाचवायला कॅसेट पेनात अडकवून फिरवायची आणि पुन्हा घालायची. दुपारभर आम्ही तेवढंच केलं. तिची आई दोनदा येऊन बघून गेली. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा राजी म्हणाली, "वॉकमन ऱ्हाऊ दे हितंच."

हाताची पट्टी सुटली तेव्हा थंडी चांगली पडली होती. मी गेले तर ती दारातच. "सुजा, माळ्यावर चढ. गिटार काढ."

"आता कशाला गं ते?" तिची आई म्हणाली. तिच्या हातात पीठ होतं.

"काढ म्हणतो ना."

मी लुगडं सोडलं. तिनं गिटार मांडीवर घेतली आणि उजव्या हातानं सगळ्यात जाड तारेची चावी उलटी फिरवायला लागली. तार सैल पडत गेली, आवाज खाली खाली. चौथ्या तारेशी तो जुळला तेव्हा थांबली. मग डाव्या हाताचं पहिलं बोट तिनं वरच्या तिन्ही जाड तारांवर आडवं टाकलं, जसं आपण पुस्तकावर पट्टी ठेवतो तसं. बाकी काही नाही. उजवा हात मारला.

कॅसेटमधली भिंत. बारीक, पत्र्याची, पण तीच.

तिनं बोट वर सरकवलं, मारला. खाली सरकवलं, मारला. माझ्याकडं बघून म्हणाली, "त्येनं तार उतरवलीया म्हणून ह्ये एका बोटात येतंय. मी रोज ऐकून शोधलंय. एक बोट, सुजा! माझ्याकडं तर दोन हाईत आणि अंगठा."

मी आज मुलांना विज्ञान शिकवते. तारेचा ताण, कंपन, सगळं फळ्यावर लिहून दाखवते. पण एखादी गोष्ट कान लावून, पट्टीत बांधलेला हात मांडीवर घेऊन शोधून काढणं म्हणजे काय, हे मी त्या सकाळी बघितलं. तिच्या जागी मी असते तर कॅसेट ऐकून रडले असते, फार तर. ती त्या गाण्यात आपल्यापुरती जागा कुठं आहे ते बघत होती.

अर्थात ते एवढ्यावर भागलं नाही. गाण्याचा मोठा भाग आला, पण आवाज पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. आमची त्यावरून रोज हुज्जत चालायची. मी म्हणायची, जोरात मार. ती म्हणायची, "जोराचं काम न्हाई गं. आवाज फाटला पायजे. कॅसेटीत फाटलाय बघ, कापड टर्रकन फाटावं तसा." आणि सुरुवातीचा हळू भाग, ते सुटे सूर, तिथं तर चार बोटं लागतात. एक बोट इथं, एक तिथं, तिसरं दोन घरं पुढं. राजीची करंगळी तिथवर पोचायची नाही. पोचली तर तार नीट दाबली जायची नाही, नुसतं टक् व्हायचं. थंडीनं थोटकी ठणकायची. नसलेल्या बोटांची टोकं दुखतात म्हणायची, नखं दुखतात म्हणायची.

एका दुपारी तिनं तो भाग धरला, चुकला. पुन्हा धरला, चुकला. बाहेर अण्णांचा विळा चालू होता. तिनं हातातली तार छेडायची पिक भिंतीवर फेकली.

"मला ह्ये गाणं नको," ती ओरडली. "कुठलंच नको. मला माझी बोटं पायजेत."

बाहेरचा विळा थांबला. तो बराच वेळ सुरू झाला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला नाही, एवढंच. अपघातानंतर ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आणि रडतानासुद्धा गिटार खाली ठेवली नाही.

नंतरचे काही दिवस मी गेले की आम्ही परीक्षेचं बोलायचो, दुधाचं बोलायचो. गिटार खुंटीवर. मग एका संध्याकाळी अण्णा आले ते खांद्यावर भोंगा घेऊन. तालीम मंडळाचा, गणपतीत आरतीला लावतात तो, करड्या रंगाचा लांबलचक कर्णा. दुसऱ्या हातात अॅम्प्लिफायरचा डबा, गळ्यात माइक आणि वायर. त्यांनी सगळं बाजेवर ठेवलं आणि श्वास घेतला.

"अण्णा, ह्ये काय?" राजी म्हणाली.

"फाटकाच पायजे न्हवं?" अण्णा म्हणाले. त्यांचा तो खणखणीत आवाज इतक्या दिवसांनी ऐकून मी चमकलेच. "ह्यो फाटकाच हाय. गणपतीत पडदा फाटला आतला. मंडळात कोपऱ्यात पडलाता."

म्हणजे विळा चालवता चालवता त्यांनी आमची सगळी हुज्जत ऐकली होती.

माइकला फडकं गुंडाळून आम्ही तो गिटारच्या पोटात बसवला. अण्णांनी वायरी जोडल्या, बटण दाबायच्या आधी राजीकडं बघितलं. "करू?"

"करा."

आधी नुसती शिट्टी आली, कान किटवणारी. मग राजीनं पहिलं बोट आडवं टाकलं आणि हात मारला.

काय सांगू तो आवाज! गोठ्याचा पत्रा थरथरला. दावणीची म्हैस दावं तोडून अंगणात पळाली, तिच्यामागं राजीची आई पिठाच्या हातानं, शेजारचे गृहस्थ "काय पडलं वं अण्णा, काय पडलं?" करत आले. आणि राजी हसायला लागली. तेच जुनं हसणं, वर्गाबाहेर ऐकू जाणारं. ती हसत होती आणि वाजवत होती, आणि अण्णा त्यांच्या आयुष्यातलं पहिलं परदेशी संगीत ऐकत भोंग्याच्या मागं उभे होते. तिच्या हाताकडं बघत. पहिल्यांदा.

म्हैस सापडायला मात्र अंधार झाला.

त्यानंतर तिनं हळू भाग पुन्हा हाताशी घेतला. कॅसेटसारखा येत नाही म्हटल्यावर तिनं कॅसेट बंद केली. कुठली तार मोकळी सोडली तर चालेल, कुठला सूर टाकून दिला तर बिघडत नाही, पहिल्या बोटानं काय होतं, करंगळीनं काय, असं एकेक तपासत गेली. करंगळीला घट्टे पडले. "ही आजवर नुस्ती शोभेला हुती," म्हणायची. शेवटी जे तयार झालं ते मूळ चालीच्या जवळचं होतं पण तेच नव्हतं. मधेमधे मोकळ्या तारा गुंजत राहायच्या, रिकाम्या खोलीत कुणी बोलल्यासारख्या. मी म्हटलं, "कॅसेटीत असं नाही."

"नसू दे. त्येला चार बोटं हाईत."

संक्रांत झाली होती. आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला नाव दिलं होतं म्हणून मी सकाळी लवकर कळंब्याला जायची. त्या दिवशी पोचले तर अण्णांचा उजवा खांदा सुजलेला, हात वर होत नव्हता. इतके दिवस विळ्यानं कापून तो गेलाच होता. राजीनं मशीनवरची सुतळी सोडली, पोतं ओढून बाजूला टाकलं.

"अण्णा, बटणापाशी हुबं ऱ्हावा. मी वाडं घालतो."

"नगं."

"हातानं किती दिवस कापणार?"

"नगं म्हणतो न्हवं!" अण्णा ओरडले, आणि मग त्यांचा आवाज एकदम मोडला. "मी बघितलंच न्हाई गं. तू व्हय म्हटलीस, मी दाबलं. बघितलंच न्हाई."

राजी भारा हातात घेऊन उभी होती. "मी म्हशीला व्हय म्हटलं, अण्णा. तुमाला न्हाई. ती वरडत हुती म्हणून."

मी दारातच थबकले. अण्णांनी वर बघितलं. "मग त्यादिशी का सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? तुमी मुद्दाम केलं न्हाईसा, मी मुद्दाम केलं न्हाई. लोकास्नी कुणाचंतरी नाव पायजे हुतं, मी माझं दिलं." तिनं भारा मशीनच्या तोंडाला लावला, हात मागं घेतले, दोन्ही वर करून त्यांना दाखवले. आठ बोटं. "बघा. आता करा."

अण्णांनी डाव्या हातानं डोळे पुसले, उजवा उचलवत नव्हता म्हणून त्याच हातानं बटण दाबलं. मशीन घरघरलं. त्यांची नजर तिच्या हातांवरून हलली नाही. भारा संपला, तिनं हात वर केले, त्यांनी बंद केलं. दुसरा भारा. मी आत गेलेच नाही. बाहेर उन्हात उभी राहून तो आवाज ऐकत राहिले.

गॅदरिंगला आमचा नंबर अगदी शेवटी लागला होता. कार्यक्रम बघणाऱ्या सरांना आम्ही गाणं ऐकवलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत होते. पटांगणात मांडव, दुपारची उन्हं उतरायला आलेली, लोक उठून चाललेले. साउंडवाला म्हणाला, फाटका भोंगा माझ्या मशीनला लावणार नाही. तेव्हा अण्णा स्टेजवर आले. पांढरी टोपी, एका खांद्यावर भोंगा, हातात आपला डबा. कुणाशी न बोलता त्यांनी भोंगा खुर्चीवर ठेवला, वायरी जोडल्या आणि पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मागच्या बाजूला शिवाजी पेठेतली फुटबॉलवाली पोरं होती. हुर्यो उडवायला बसलेली. राजीला गिटार घेऊन बघितल्यावर एकजण ओरडला, "लावणी लाव की!"

राजी माइकपाशी वाकली. "दम काढ की जरा. हीच लावणी समज."

सगळे हसले. मग तिनं डावा हात वर आणला आणि सगळ्यांना दिसला. हसू थांबलं. ती त्या शांततेत वाजवायला लागली, सुटे सूर, मोकळ्या तारा. मी गायला लागले. इंग्रजी शब्द मी कानानं उचललेले, अर्धे बरोबर, अर्धे देव जाणे. आणि मग ती भिंत आली. तिनं बोट आडवं टाकलं, भोंगा फाटला, माझा आवाज फाटला, कोरसमध्ये दादांच्या मागं उभं राहून जमवलेला सगळा दम मी त्यात ओतला. लोक चक्रावले होते. टाळी वाजवायची की पळायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. इतक्यात मागची पोरं पाय आपटायला लागली. मॅचला आपटतात तसे. ठाप, ठाप, ठाप. लय जराशी पुढं धावत होती. राजीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि आपला हात त्या पायांबरोबर सोडला. गाणं मूळच्यापेक्षा कितीतरी वेगानं संपलं. शेवटी भोंग्यातून नुसता घोगरा श्वास येत राहिला, आणि मग शिट्ट्या.

दादा खाली उभे होते. मी विचारलं, "कसं झालं?" "शब्द एक कळला नाही, सुजाता," म्हणाले. "पण ती पोरगी खोटं वाजवत नाही."

माझ्या वडिलांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही, माझंसुद्धा नाही.

त्या वर्षी आम्ही दोघी पास झालो, मी चांगल्या मार्कांनी, ती कशीबशी. पुढं मी शिक्षिका झाले, काही वर्षं बाहेरगावी नोकरी केली. राजीनं म्हशी वाढवल्या, लग्न जवळच्याच गावात केलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं की मी गोठा सोडणार नाही. मोबाइल आले, कॅसेटी गेल्या. फोनवर ती म्हशींचंच जास्त बोलायची. एकदा सहज म्हणाली, "संध्याकाळी जरा पोरं येत्यात. गिटार शिकाय."

मी बदली होऊन परत आले त्या हिवाळ्यात तिच्याकडं गेले. गोठ्याच्या शेजारी एक खोली काढली होती. बाहेर बाजेवर अण्णा, केस पांढरे झालेले, आत चाललेलं ऐकत. खोलीत सातवी-आठवीतल्या पोरी-पोरं, मांडीवर गिटारी. समोर राजी. ती वाजवून दाखवत होती आणि ती सगळी तिच्या हाताकडं बघून वाजवत होती.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसलं. प्रत्येकाच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं तळहाताकडं दुमडलेली. एकूण एक पोरं पहिलं बोट आणि करंगळी, एवढ्यावरच वाजवत होती. आणि बरं वाजवत होती.

"राजी," मी हळूच म्हटलं, "पोरांची बोटं बघितलीस?"

तिनं बघितलं. एका हातावरून दुसऱ्या हातावर तिची नजर गेली. वाजवायची थांबली.

"आरं, ह्ये काय? उघडा की ती बोटं! तुमास्नी चार हाईत न्हवं? चारी लावा."

पुढं बसलेली दोन वेण्यांची पोर गोंधळली. "पण बाई, तुमी तर असंच वाजवता की."

"माझं येगळं हाय."

"पण आवाज असाच भारी येतो की."

मला वाटलं, राजी आता हसेल, ते पत्रा हलवणारं हसेल. ती हसली नाही. गिटार बाजूला ठेवून त्या पोरीसमोर खाली बसली. तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, दुमडलेलं मधलं बोट उघडलं, सरळ केलं, तारेवर ठेवलं. मग त्याच्या शेजारचं उघडलं, सरळ केलं, ठेवलं.

"ही हितं," ती म्हणाली. "लय कामाची असत्यात ही." आणि पोरीनं तार छेडेपर्यंत तिनं ती दोन बोटं सोडली नाहीत.